काचबिंदूवर लेसर : संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी

डोळ्याचा दाब उतरविण्यासाठी लेसर करून घ्यावा, असा सल्ला डॉक्टरांकडून मिळाला म्हणजे परभणी जिल्ह्यातील कुटुंबांत, मग ते कुटुंब जिंतूरचे असो, सोनपेठचे असो की पालमकडच्या एखाद्या खेड्यातील असो, बहुधा तेच तीन प्रश्न उपस्थित होतात : लेसरने गेलेली नजर परत येईल काय, लेसर झाल्यावर रोजचे थेंब सुटतील काय, आणि हे सारे परभणीतच उरकेल की नांदेड-जालन्याची वाट धरावी लागेल. या प्रश्नांची उत्तरे शेजारी, औषधाचे दुकानदार आणि पूर्वी कसलातरी लेसर झालेले नातलग यांच्याकडून इतकी परस्परविरोधी मिळतात की, ज्यांना निर्णय करावयाचा आहे ते शेवटी निर्णयच पुढे ढकलतात. आणि काचबिंदूत दिरंगाईची किंमत नजरेने चुकवावी लागते. सबब निर्णयाला लागेल तेवढीच माहिती, आणि तिच्या जोडीला आपल्या हक्कांचा खुलासा, येथे देत आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधीच देऊन टाकतो, कारण त्यावाचून पुढचे सारे व्यर्थ ठरेल. काचबिंदूत डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी दृष्टीची नस हळूहळू सुकत जाते, आणि सुकलेली नस कोणत्याही थेंबाने, लेसरने वा शस्त्रक्रियेने पुन्हा हिरवी होत नाही. मोतीबिंदू काढल्यावर दुसऱ्या दिवशी पट्टी सुटते आणि समोरच्या भिंतीवरील कॅलेंडर वाचता येते. तशीच अपेक्षा मनात धरून जे काचबिंदूच्या लेसरला जातील, ते डॉक्टरांना दोष देत परततील. या लेसरचा हेतू एकच आहे : दाब उतरवून उरलेली नजर राखणे.

कोणता लेसर, हे प्रथम विचारा

डोळ्यांच्या दवाखान्यात लेसरची यंत्रे निरनिराळी असतात, आणि एकाचा अनुभव दुसऱ्यास लागू पडत नाही. आपल्या मेहुण्यांना लेसरचा निराळा अनुभव आला असेल, तर तो बहुधा पुढीलपैकी कोणतातरी होता :

- चष्म्याचा नंबर घालविणारा लेसर. हा डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पटलावर होतो आणि काचबिंदूशी त्याचा संबंध नाही.
- मधुमेहामुळे पडद्यावर झालेल्या रक्तस्रावासाठी वा सुजेसाठी केलेला लेसर.
- मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर भिंगामागे आलेली जाळी फोडणारा लेसर. यात काही तासांतच नजर सुधारते, आणि गैरसमजाचे मूळ पुष्कळदा येथेच सापडते.

काचबिंदूचे म्हणून जे लेसर आहेत, ते मुख्यतः तीन : अरुंद कोनासाठी परितारिकेला, म्हणजे बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याला, छिद्र पाडणारा, उघड्या कोनाची जाळी मोकळी करणारा, ज्यास डॉक्टर एस.एल.टी. म्हणतात; आणि पाणी तयार करणाऱ्या ग्रंथींनाच आवर घालणारा डायोड लेसर. यांपैकी कोणता आपल्यासाठी, हे आपल्या डोळ्याच्या कोनावर ठरते.

कोनाची तपासणी झाल्यावाचून सही नाही

डोळ्याच्या आत सतत एक स्वच्छ पाणी तयार होत असते आणि ते पारदर्शक पटल व परितारिका यांच्यामधल्या कोनातील बारीक जाळीतून बाहेर जात असते. जायकवाडीच्या डाव्या कालव्याचे पाणी ज्यांच्या शेताला मिळते, त्यांना हे समजण्यास कष्ट पडू नयेत : चारीचे दार उघडे असूनही आत गाळ साचला तरी पाणी तुंबते, आणि चारी स्वच्छ असूनही दारच लोटले गेले तरी तुंबते. गाळ साचण्याचा प्रकार तो उघड्या कोनाचा काचबिंदू. दार लोटले जाण्याचा प्रकार तो अरुंद किंवा बंद कोनाचा. आपल्या देशात हा दुसरा प्रकारही बराच आढळतो, म्हणून तो आपल्याला नसेलच असे समजून चालणार नाही. पाणी तुंबले की दाब चढतो. तो सामान्यतः पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटरच्या दरम्यान असावा, असे मानतात.

कोन उघडा आहे की अरुंद, हे बाहेरून दिसत नाही आणि दाबाच्या आकड्यावरूनही कळत नाही. त्यासाठी डोळा बधिर करून त्यावर आरशाचे एक छोटे भिंग टेकवून पाहावे लागते. या तपासणीस गोनिओस्कोपी म्हणतात, ती दोन-चार मिनिटांची असते आणि दुखत नाही. ही तपासणी आपल्या कागदांत नोंदविलेली नसेल, तर "माझा कोन पाहिला का, आणि तो कसा आहे," हा प्रश्न आपण निःसंकोच विचारावा. गर्दीच्या दवाखान्यात ही पायरी वगळली जाते, ही गोष्ट खरी आहे, आणि ज्या सल्ल्याला हा आधार नाही त्यावर सही करण्याची आपणांस मुळीच गरज नाही.

दुसरी पाहण्यासारखी गोष्ट म्हणजे पारदर्शक पटलाची जाडी. नागपूर जिल्ह्याच्या ग्रामीण भागात ३० वर्षांवरील ४,७११ लोकांची जी मोठी नेत्रपाहणी झाली, तीत ही जाडी सरासरी ५१४ मायक्रॉनच्या आसपास भरली, म्हणजे युरोपीय लोकांपेक्षा कमीच. पटल पातळ असले की यंत्र दाब प्रत्यक्षाहून कमी दाखविते. तेव्हा "दाब तर अठराच आहे" एवढ्यावर समाधान मानू नये. नसेचे चित्र आणि दृष्टिक्षेत्राची तपासणी, म्हणजे ज्यात डोके टेकवून ठिपका दिसताच बटण दाबावयाचे असते ती, यांची जोड असल्याशिवाय काचबिंदूचे निदान पुरे होत नाही.

कोन अरुंद असल्यास

या प्रकारात परितारिकेच्या कडेला, बहुधा वरच्या पापणीखाली झाकले जाईल अशा जागी, लेसरने सूक्ष्म छिद्र पाडतात, जेणेकरून मागे अडलेले पाणी पुढे येते आणि पुढे फुगलेली परितारिका मागे सरून दार मोकळे होते. १८५७ साली बर्लिनच्या आल्ब्रेख्त फॉन ग्रेफे या शल्यचिकित्सकाने परितारिकेचा तुकडा कापून जे साधले, तेच आज टेबलाशी बसल्या बसल्या काही मिनिटांत होते. छिद्रातून किंचित रक्त येणे, काही तास धूसर दिसणे, दाब तात्पुरता चढणे आणि क्वचित डोळ्यापुढे प्रकाशाची रेघ दिसणे, एवढे त्याचे उपद्रव आहेत.

परंतु कोन अरुंद दिसला की लगेच छिद्र पाडावे, असा नियम आता राहिलेला नाही. चीनमधील ग्वांगझू येथे ८८९ व्यक्तींचा एक डोळा लेसर करून आणि दुसरा तसाच ठेवून सहा वर्षे पाहण्यात आले. त्याचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. लेसर केलेल्या डोळ्यांत कोन बंद होण्याचा धोका जवळजवळ निम्म्याने घटला खरा, पण न केलेल्या डोळ्यांतही तो मुळात इतका अल्प होता की, दाब व नस निर्दोष असलेल्या प्रत्येकाला लेसर करण्याचे समर्थन होत नाही. तथापि शहरातील रुग्ण आणि पूर्णा तालुक्यातील आडगावचा रुग्ण यांना एकच माप लावणे मला योग्य वाटत नाही. पुढील परिस्थितीत लेसरचा कौल देणे शहाणपणाचे ठरते :

- दाब चढलेला आहे किंवा नसेवर परिणाम दिसू लागला आहे;
- एका डोळ्याला पूर्वी काचबिंदूचा तीव्र झटका येऊन गेला आहे;
- मधुमेहामुळे बाहुली विस्फारून पडदा वारंवार तपासावा लागतो;
- आईवडील वा भावंडांची नजर याच रोगाने गेली आहे;
- रात्री-बेरात्री नेत्रतज्ज्ञापर्यंत पोहोचण्याची सोय नाही.

वय ५० च्या पुढे असून मोतीबिंदूही असेल, तर आणखी एक प्रश्न विचारा : लेसरऐवजी मोतीबिंदूचीच शस्त्रक्रिया करावी काय? भिंग काढल्यावर कोनाला पुष्कळ जागा मिळते, आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात, कोन बंद होऊन दाब फार चढलेल्या वा काचबिंदू झालेल्या रुग्णांत, छिद्राच्या लेसरपेक्षा भिंग काढण्याचा परिणाम सरस ठरला.

ही लक्षणे दिसताच त्याच दिवशी निघा : डोळा एकाएकी लाल होऊन असह्य दुखणे, त्या बाजूचे डोके ठणकणे, उलट्या, आणि दिव्याभोवती इंद्रधनुष्यासारखी वलये. आपल्याकडे हे दुखणे पित्त म्हणून किंवा अर्धशिशी म्हणून घरगुती उपायांवर दोन दिवस काढण्याची चाल आहे, आणि तेवढ्या अवधीत डोळा कायमचा जाऊ शकतो. हा झटका असल्यास प्रथम औषधांनी दाब उतरवून मगच लेसर करतात, आणि दुसऱ्या डोळ्यालाही तो संरक्षण म्हणून करावा लागतो.

कोन उघडा असल्यास

येथे एस.एल.टी. उपयोगी पडतो. त्याचे अत्यल्प काळाचे झोत जाळीतील रंगद्रव्य असलेल्या पेशींवर पडतात, आजूबाजूचा भाग भाजत नाही, आणि पुढील काही आठवड्यांत जाळी पाणी अधिक सोडू लागते. दाब साधारणतः पाचव्या हिश्शापासून एक तृतीयांशाच्या आत उतरतो. ब्रिटनमध्ये ७१८ नवीन रुग्णांवर झालेल्या अभ्यासात, ज्यांना आधी लेसर दिला त्यांतील सुमारे ७४ टक्के लोकांचा दाब तीन वर्षांनंतर एकही थेंब न घालता ताब्यात होता, आणि सहा वर्षांनंतरही हे प्रमाण ७० टक्क्यांच्या आसपास राहिले. तेथील अधिकृत मार्गदर्शनाने २०२२ पासून अनेक रुग्णांसाठी थेंबांच्या आधी लेसरच सुचविला आहे.

तेव्हा दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे की, थेंब सुटू शकतात, पण सुटतीलच असे नाही, आणि ते सोडण्याचा हुकूम डॉक्टरांचा असावा, आपला नव्हे. शिवाय हे आकडे बहुतांशी आरंभीच्या रोगाचे आहेत. रोग पुष्कळ पुढे गेलेला असेल आणि दाब १२-१३ वर आणणे आवश्यक असेल, तर एकट्या लेसरने ते साधेलच असे नाही. काहींच्या डोळ्यांवर त्याचा परिणामच होत नाही. ज्यांच्यावर होतो त्यांच्यातही तो काही वर्षांनी ओसरतो, मात्र तो पुन्हा करता येतो. डोळ्यात सूज असताना किंवा मधुमेहाने कोनात नव्या रक्तवाहिन्या फुटल्या असताना हा लेसर करीत नाहीत.

माझे मत विचाराल, तर परभणीच्या परिस्थितीत आरंभीच्या काचबिंदूला लेसरचा विचार आधी व्हावा. थेंबांची बाटली दरमहा घ्यावी लागते, ऊसतोडीला गेलेल्या माणसाला ती तेथे मिळत नाही, वृद्धांना पापणी ओढून थेंब अचूक टाकता येत नाही, आणि काही थेंब तर बाटली उघडेपर्यंत फ्रिजमध्ये व उघडल्यावर २५ अंशांच्या आत ठेवावयाचे असतात, तेथे मे महिन्यात पारा ४२ च्या पुढे जाणाऱ्या पत्र्याच्या घरात त्यांचा गुण किती टिकत असेल, याची कल्पना करावी. लेसरला असली देखरेख लागत नाही. त्याला फक्त ठरलेल्या तारखेची तपासणी लागते.

डायोड लेसरविषयी थोडक्यात एवढेच की, तो बहुधा इतर उपाय थकल्यावर करतात. त्यासाठी डोळ्याशेजारी बधिरतेची सुई द्यावी लागते, नंतर काही दिवस दुखते, आणि उरलेली नजर किंचित कमी होण्याचा संभवही असतो. तेव्हा त्या डोळ्याला आज किती दिसते, याची लेखी नोंद करून घेतल्याशिवाय संमती देऊ नये.

लेसरच्या दिवशी

१. चालू थेंब आपल्या मनाने बंद करून जाऊ नका. दमा, हृदयविकार किंवा रक्त पातळ करणारी गोळी असल्यास आधीच सांगा.
२. डोळ्यात बाहुलीचे, दाबाचे व बधिरतेचे थेंब घालतात. डायोड लेसर सोडल्यास इंजेक्शन नसते, टाका नसतो, उपाशी राहावे लागत नाही.
३. नेहमीच्या तपासणीच्या यंत्रापुढे बसवून डोळ्यावर भिंग टेकवितात. पाच-दहा मिनिटे प्रकाशाचे झोत दिसतात. क्वचित टोचल्यासारखे होते.
४. त्यानंतर तासाभराने दाब पुन्हा मोजतात. बस सुटेल या धास्तीने ही मोजणी टाळून स्टँड गाठणारे पुष्कळ आहेत. ते करू नका, कारण दाब चढलाच तर तो याच अवधीत चढतो.
५. त्या दिवशी मोटारसायकल चालवू नका. दुखणे वाढत गेले, लाली पसरली किंवा उलट्या झाल्या, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता परत जा.
६. एस.एल.टी.चा गुण चार ते आठ आठवड्यांनी कळतो. आठवडाभरात आकडा उतरला नाही म्हणून निराश होण्याचे कारण नाही.

दुकानातून घेतलेले थेंब

डोळा लाल झाला, खाजू लागला, की मेडिकलमधून मागच्याच वेळची बाटली आणून घालण्याची जी सवय आहे, तिच्याविषयी कठोर शब्द लिहिल्यावाचून राहवत नाही. त्यांपैकी कित्येक थेंबांत स्टिरॉइड असते; ते डोळ्याला तत्काळ थंडावा देते आणि आठवड्या-महिन्यांत काही माणसांचा दाब चोरपावलांनी चढविते. लेसरने उतरविलेला दाब असा पुन्हा चढल्याची तक्रार मग लेसरच्या नावे नोंदली जाते. दम्याचा पंप, त्वचेचे मलम वा सांध्यांच्या गोळ्या यांतही स्टिरॉइड असू शकते. ती बंद न करता नेत्रतज्ज्ञांना दाखवावीत.

कोठे जावे आणि खर्चाची तजवीज

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर यंत्रावर अवलंबून आहे. परितारिकेला छिद्र पाडणारे यंत्र मोतीबिंदूनंतरच्या जाळीसाठीही वापरतात, म्हणून ते पुष्कळ ठिकाणी असते, एस.एल.टी.चे यंत्र त्या मानाने विरळा. तेव्हा पहिली चौकशी परभणीच्या शासकीय रुग्णालयात करावी. २०२३ पासून येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले आहे. तेथे सोय नसल्यास नांदेडचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय, छत्रपती संभाजीनगरचे घाटी रुग्णालय आणि जालन्याचे श्री गणपती नेत्रालय ही ठिकाणे आहेत. निघण्यापूर्वी दूरध्वनीवरून तीन गोष्टी विचाराव्यात : अमुक लेसर तेथे होतो काय, यंत्र सध्या चालू आहे काय, आणि काचबिंदूचा बाह्यरुग्ण विभाग कोणत्या वारी असतो.

- राज्याच्या सार्वजनिक आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार निःशुल्क आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये वेगळ्या खात्याखाली येतात. तेथील शुल्क खिडकीवर विचारून घ्यावे.
- महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत परभणी हा शेतीच्या दृष्टीने आपद्‍ग्रस्त ठरविलेल्या १४ जिल्ह्यांपैकी एक असल्याने येथील शुभ्र शिधापत्रिकेच्या शेतकऱ्यांनाही सातबाऱ्याच्या आधारे लाभ मिळत आला. २०२३ च्या निर्णयाने योजना सर्वच कुटुंबांना खुली झाली आणि मर्यादा ५ लाखांची झाली. मात्र लाभ ठरावीक रुग्णालयांत आणि यादीतील उपचारांनाच मिळतो, म्हणून आपला लेसर यादीत कोणत्या नावाने आहे, हे तेथील आरोग्यमित्राकडून उपचारापूर्वीच वदवून घ्यावे. दूरध्वनी क्रमांक १५५३८८.
- खासगी विमा असल्यास भरती न होता झालेला लेसर मंजूर होतो काय, याची लेखी विचारणा आधी करावी.
- तपासणीच्या खेपांसाठी एस.टी.त ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना आणि सर्व महिलांना निम्म्या भाड्यात प्रवास आहे. त्यासाठी आधार कार्ड जवळ असावे.

आपले हक्क

- संमतिपत्र आपणांस समजेल अशा भाषेत वाचून दाखविले पाहिजे. लेसरचे नाव, कोणता डोळा, पर्याय आणि संभाव्य उपद्रव यांचा उल्लेख नसेल, तर तो लिहून घ्या.
- आपल्या दप्तराची प्रत मागितल्यापासून ७२ तासांत मिळावी, असा वैद्यकीय परिषदेचा २००२ चा नियम आहे. दाबाचे आकडे तारखेनिशी, कोनाची नोंद, दृष्टिक्षेत्राचे आलेख आणि लेसरचा तपशील एका फाइलीत ठेवा. दुसरे मत घेण्याचा आपला अधिकार या फाइलीवाचून पोकळ राहतो.
- खासगी रुग्णालयांनी दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागी लावावी, असे राज्याच्या २०२१ च्या सुधारित नियमांत आहे.
- शुल्क देऊन घेतलेल्या सेवेत हयगय झाल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या मुदतीत तक्रार करता येते. अपेक्षित गुण न येणे म्हणजे हयगय नव्हे, हेही ध्यानी असू द्यावे.
- समोरचे स्पष्ट दिसत असूनही बाजूचे दिसेनासे झाले असेल, तर आपण दिव्यांगत्वाच्या दाखल्यास पात्र ठरू शकता. २०१६ च्या कायद्यात दृष्टीच्या तीक्ष्णतेबरोबर दृष्टिक्षेत्राचाही विचार आहे, आणि ते ४० अंशांच्या आत आले तर ती अल्पदृष्टी समजली जाते. ही तरतूद ठाऊक नसल्याने, "तुम्हांला तर शेवटची ओळ वाचता येते," एवढ्या शब्दांवर परत फिरणारे काचबिंदूचे रुग्ण थोडे नाहीत. अर्जासोबत दृष्टिक्षेत्राचा आलेख जोडावा.

घरातील इतर मंडळी

आपल्याला काचबिंदू निघाला, तर सख्ख्या भावंडांना आणि मुलांना तो होण्याचा संभव इतरांहून कितीतरी पटींनी अधिक असतो, आणि आरंभी त्यास दुखणे नसते की खुपणे नसते. चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येक भावंडाचा दाब, कोन आणि नस एकदा तपासून घ्यावी. आपल्या पुढच्या तपासणीच्या खेपेलाच त्यांतील एकाला सोबत नेले, तर निराळा खर्च पडत नाही. फक्त एक काळजी घ्यावी : नस पाहण्यासाठी दोघांच्याही बाहुल्या त्याच दिवशी विस्फारल्या जातील, आणि काही तास दोघांनाही जवळचे धूसर दिसेल व ऊन सहन होणार नाही, म्हणून परतीच्या प्रवासात हात धरण्यास व एस.टी.ची पाटी वाचण्यास तिसरे कोणीतरी बरोबर असावे.